अध्यक्षांना पाटी नसते

या बैठकीत बोलायचं असेल तर हात वर करायचा नाही की घसा खाकरायचा नाही. प्रत्येकासमोर आपापल्या देशाच्या नावाची पाटी आडवी ठेवलेली असते, ती उचलून उभी करायची. दक्षिण ध्रुवाचा सगळा कारभार या पाट्यांवर चालतो. पाटी उभी राहिली की अध्यक्षांनी त्या देशाला बोलू द्यायलाच हवं, आणि सगळ्या पाट्या आडव्या असल्या की ठराव मंजूर. मतं मोजायची भानगडच नाही. एकाने जरी हरकत घेतली तरी घोडं अडलं, मग भेटू पुढच्या वर्षी.

गुनवोर ओसलान बरीच वर्षं अध्यक्षांच्या खुर्चीत बसत होती. ती नॉर्वेची, पण नॉर्वेची पाटी दुसऱ्याच कुणापुढे असायची, कारण अध्यक्ष कुठल्याच देशाचा नसतो आणि त्याला पाटीही नसते. सगळ्यांना बोलायला द्यायचं आणि आपण तोंड मिटून बसायचं. घरी दोन मुली वाढवल्यामुळे याची आपल्याला सवय आहे, असं ती म्हणायची. यंदा बैठक तिच्या गावात, ट्रॉम्सोला होती, आणि तिची ही शेवटची.

जाता जाता तिला एकच काम उरकायचं होतं. दक्षिणेतली एक छोटी खाडी कायमची बंद करायची होती. तिथे पेंग्विनांची वसाहत होती आणि हळूहळू वाढलेली शेवाळाची जाड गादी. आधी नावावरून माशी शिंकली. तीन देशांनी त्या खाडीला तीन नावं दिलेली, आणि दुसऱ्याचं नाव कागदावर चालेल असं म्हणणारा एकही नाही. शेवटी नुसता क्रमांक घालून ते मिटलं. मग पर्यटकांच्या जहाजांचं निघालं. गुनवोरने यंदा एकेका शिष्टमंडळाचं दार ठोठावून मधला मार्ग काढला होता. खाडी बंद, पण पूर्वेच्या टोकाला होड्या लागण्यापुरती एक पट्टी मोकळी. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता खरं सांगायचं तर त्या पट्टीत तिचाही जीव गुंतला होता. तरुणपणी नकाशे काढायला ती अर्जेंटिनाच्या तळावर पाहुणी म्हणून राहिली होती आणि एव्हारिस्तो किरोगाबरोबर ती सगळी खाडी पायांखाली घातली होती. एव्हारिस्तो तेव्हा दगडधोंडे तपासायचा. आता तो अर्जेंटिनाच्या पाटीमागे बसायचा. दोघांचीही लग्नं झाली, संसार झाले, जोडीदार देवाघरी गेले, आणि दरवर्षीच्या बैठकीमुळे मैत्री मात्र शाबूत राहिली. येत्या जानेवारीत अर्जेंटिनाच्या उश्वाया बंदरातून सुटणाऱ्या जहाजाची दोन तिकिटं एव्हारिस्तोने काढून ठेवली होती. जहाज त्या खाडीत थांबायचं आणि त्या पट्टीवरच लोक उतरायचे. ठरावासाठी पट्टी की पट्टीसाठी ठराव, यातलं आधी काय सुचलं, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

मतदानाच्या, म्हणजे न होणाऱ्या मतदानाच्या, आदल्या संध्याकाळी दोघं बंदरावर जेवायला गेले. एव्हारिस्तोने उकडलेल्या माशाला नेहमीप्रमाणे नावं ठेवली. गायींच्या देशातल्या माणसाला हे काय खायला घालता, आजारी आहे का मी, वगैरे. मग पिशवीतून ‘माते’चं, म्हणजे त्याच्या देशातल्या कडू चहाचं, भोपळ्याचं भांडं काढलं, थर्मासमधलं गरम पाणी ओतलं आणि नळी तिच्याकडे वळवली. हे कडू पाणी तिला आवडत नसे, पण त्याच्या हातून ती घेई. पहिल्या हिवाळ्यात तिने घरच्या शिकवणीप्रमाणे पहिल्याच घोटाला ‘धन्यवाद’ म्हटलं होतं आणि मग तळावर कुणी तिला भांडंच देईना. कसली चिक्कू माणसं, म्हणून ती मनात धुमसत राहिली. एकच भांडं फिरवत ‘माते’ पिताना ‘धन्यवाद’ म्हणजे ‘पुरे, आता मला नको’, हे एव्हारिस्तोने तिला पुष्कळ उशिरा सांगितलं, तेही पोट धरून हसल्यावर.

जेवण झाल्यावर त्याने मेन्यूकार्ड उचललं आणि टेबलावर उभं केलं. ही त्याची जुनी खोड. महत्त्वाचं बोलायचं असलं की हाताशी येईल ते उभं करायचा.

“बोला, अर्जेंटिना,” ती हसून म्हणाली.

“उद्या मी पाटी उभी करणार आहे.”

तिचं हसू मावळलं. “कशावर?”

“खाडीवर. आणि आज काही विचारू नकोस. तू अध्यक्ष आहेस. जे ऐकायचं ते सगळ्यांबरोबर ऐक.”

“म्हाताऱ्या, माझी शेवटची बैठक आहे ही.”

“माहीत आहे म्हणून तर आधी सांगतोय.”

त्याने भांडं पुन्हा भरून पुढे केलं. तिने ते परत त्याच्याकडे सरकवलं आणि “धन्यवाद” म्हणाली. घरी जाताना रस्ताभर तिला त्याचा राग येत होता, आणि इतक्या वर्षांच्या माणसाचा राग येतो म्हणून स्वतःचाही.

दुसऱ्या दिवशी खाडीचा विषय आला. तिने ठराव वाचला आणि हरकत आहे का, असं विचारलं. एव्हारिस्तोची पाटी उभी राहिली. ती न दिसल्यासारखं करणं अवघड नव्हतं, क्षणभर मान खाली घालायची आणि हातोडी मारायची. तो मोह तिला झाला. पण अशा एका हातोडीने हा सगळा डोलारा कोसळला असता. एकमेकांवर विश्वास ठेवण्यापलीकडे त्याला दुसरा खांबच नव्हता.

“अर्जेंटिना,” ती म्हणाली.

खाडी बंद करायला अर्जेंटिनाचा पाठिंबा आहे, असं एव्हारिस्तोने सांगितलं. हरकत होती ती पट्टीला. मग त्याने पडद्यावर एक फोटो लावला. कोरियाच्या एका संशोधिकेने गेल्या उन्हाळ्यात काढलेला, आणि त्याच्या हाती या बैठकीतच पडलेला. त्या पट्टीवरचं बर्फ मागे सरलं होतं आणि खालचं हिरवं शेवाळ उघडं पडलं होतं. शेवाळात पावलं उमटलेली होती, दोन माणसांची, शेजारीशेजारी. एक मोठं पाऊल, आणि एक लहान, उजवा पंजा आत वळलेला.

गुनवोरने नकळत खुर्चीखाली आपला उजवा पाय मागे घेतला.

“ही पावलं ताजी दिसतात,” चिलीच्या बाई बोलायची परवानगी घेऊन म्हणाल्या. “कोण गेलं होतं तिथे?”

“ताजी नाहीत, चाळीस वर्षांची आहेत,” एव्हारिस्तो म्हणाला. “शेवाळ इतकं सावकाश वाढतं की त्याने अजून ती बुजवलेली नाहीत. मोठं पाऊल माझं. लहान कुणाचं, ते अध्यक्ष जाणतात. आम्ही दोघंच होतो आणि त्या पट्टीवर फिरायला म्हणून एकदाच गेलो होतो. जहाजातून शंभर जण उतरतात. पट्टी नको. सगळी खाडी बंद करा.”

सभागृहात कुजबुज झाली. जहाजांची बाजू घेणारे एकमेकांकडे पाहत राहिले, पण त्या फोटोपुढे पाटीला कुणी हात लावला नाही.

आता तिला प्रश्न विचारायचा होता. तिला ते खडे आठवले, तो वारा, आणि खिशात वितळून गेलेलं चॉकलेट दोघांनी चाटून खाल्लं ते. पुन्हा तिथे उभं राहायचं होतं. फार वाटत होतं. त्या भल्यामोठ्या सभागृहात, समोर पाटी नसलेली ती एकटीच होती.

“पट्टीची सवलत काढून, सगळी खाडी बंद करण्याचा ठराव,” ती म्हणाली. “कोणाची हरकत?”

तिने जरा जास्तच वेळ वाट पाहिली. एव्हारिस्तोने आपली पाटी दोन्ही हातांनी उचलली आणि आवाज न करता आडवी ठेवली. तिने हातोडी मारली. लोक उठून उभे राहिले, टाळ्या वाजल्या, आणि अध्यक्षीणबाईंनी चष्मा पुसायला उगाचच बराच वेळ घेतला.

संध्याकाळी दोघं त्याच टेबलावर बसले. त्याने येताच आपलं मेन्यूकार्ड उभं केलं. मग तिकिटं काढून टेबलावर ठेवली.

“काल सांगितलं असतंस तर?” तिने विचारलं.

“तर तू मला गप्प केलं असतंस. आणि मी झालोही असतो. माझा भरवसा नाही तुझ्यापुढे.”

त्याने भांडं भरलं. तिने ते घेतलं, तळाशी आवाज येईपर्यंत प्यायली आणि काही न म्हणता परत दिलं. त्याने पुन्हा भरलं.

मग तिने आपल्या समोरचं मेन्यूकार्ड उचललं आणि उभं केलं. हे तिने आजवर कधी केलं नव्हतं.

“नॉर्वे?” त्याने विचारलं.

“नॉर्वे नाही. गुनवोर.”

“बोला, बाई.”

“तिकिटं परत करू नकोस. जहाज खाडीत जाणार नाही, पण तोंडासमोरून जाईलच ना? डेकवर उभं राहू आणि लांबूनच बघू. आपली पावलं आहेत तिथे, तेवढं बस.”

“त्या गारठ्यात? या गुडघ्यांनी?”

“कोणाची हरकत?” ती म्हणाली.

एव्हारिस्तोने आपलं कार्ड आडवं केलं.