मावशीच्या पायाचा दोष

मावशीची गाडी विकायला काढण्याआधी जरा धुऊन-पुसून घ्यावी म्हणून मेस्त्री ती तिच्या घरून आपल्या गॅरेजकडे घेऊन निघाला. पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला तर पाय खाली जातच राहिला. चाकं किंचाळली. गाडी कशीबशी कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या पायरीशी थांबली.

तीन महिन्यांपूर्वी त्यानेच या जुन्या गाडीचे मूळचे ड्रम ब्रेक काढून बाहेरून मागवलेले डिस्क ब्रेक बसवले होते. दोनच दिवसांत मावशी तक्रार घेऊन आली होती, "ब्रेक ओरडतो रे, आणि लागतही नाही." तेव्हा हा दुसऱ्या गाडीखाली आडवा. बाहेर यायचेही कष्ट न घेता म्हणाला, "आवाज जाईल हळूहळू. आणि लागत नाही म्हणजे तुझ्या पायात जोर राहिला नाही आता, मावशी. वय झालं." सगळं आयुष्य वॉर्डात उभं राहून काढलेल्या त्या नर्सने भाच्याचं ऐकलं आणि पुढच्या आठवड्यात गाडीची किल्ली खुंटीला लावली.

गॅरेजात त्याने चाकं उतरवली आणि कपाळावर हात मारला. डिस्कवर पॅड दाबणारे कॅलिपर उलटसुलट: डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. ब्रेकमधली हवा काढायचे स्क्रू वर असायला हवेत, ते खाली तोंड करून बसलेले. हवा वरच अडकणार, मग ब्रेकला जोर कुठून येणार? नव्या डिस्कवरचा तेलाचा थर पुसायचाही राहिला होता. ते तेल पॅड पिऊन बसले होते, त्याचीच ती किंचाळी. खोक्यातल्या कागदावर हे चित्रासकट छापलं होतं, पण तो कागद या शहाण्याने गुडघ्याखाली अंथरला होता! स्वतःला शिव्यांची लाखोली वाहत त्याने सगळं खोललं, पॅड बदलले, कॅलिपर जागच्या जागी बसवले, हवा काढली. पेडल दगडासारखं घट्ट झालं.

किल्ली घेऊन तो घरी गेला तेव्हा मावशी खिडकीपाशी खुर्चीत बसून पायाने टॉवेलची गुंडाळी दाबत होती.

"थांब, दहा राहिलेत," ती म्हणाली. "पायात जोर यावा म्हणून रोज शंभर."

मेस्त्रीला तिच्याकडे बघवेना. "दोष तुझ्या पायात नव्हता, मावशी. ब्रेक मी उलटे बसवले होते. आणि खापर तुझ्यावर फोडलं."

ती थांबली. मग हसली. "म्हणजे तीन महिने मी या टॉवेलचा उगाच जीव घेतेय?" तिने चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

पण हसता हसता तिने टॉवेल बाजूला सारला.

"तुला सांगितलं नाही मी. किल्ली ठेवली त्या दिवशी एक पोरगी सायकलवरून आडवी आली होती. ब्रेक लागेना. गाडी भिंतीला घासली म्हणून पोर वाचली. तिच्या आईपुढे मी हात जोडले, म्हटलं, माझंच म्हातारपण, माझीच चूक. झोप उडाली रे माझी तेव्हापासून."

 मावशीची माफी मागायची तयारी करून मेस्त्री आला होता. हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"कुठे राहते ती बाई?" त्याने कसंबसं विचारलं.

मावशीने त्याच्या हातातली किल्ली घेतली आणि चपला पायात सरकवल्या.

"चल. गाडी मी चालवते, बोलायचं तू."

तो तिच्या शेजारी जाऊन बसला.