लाल रेघेच्या खाली

रेडिओत बसवतात ते काचेचे व्हॉल्व्ह तपासायचं यंत्र दत्तोबानं घरीच केलं होतं. पोळपाटाएवढी फळी, तिच्यावर तारेची एक गुंडाळी, व्हॉल्व्ह बसवायची खोबण आणि जुन्या मीटरचा काटा. नंदाबाई त्या यंत्राला 'आमची सवत' म्हणायची, कारण रेल्वेच्या कामावरून आला की नवरा चहाच्या आधी तिच्यापाशी बसायचा.

एका सुट्टीच्या दुपारी त्यानं कोरा व्हॉल्व्ह लावला आणि काटा थांबला तिथं काचेवर लाल रेघ ओढली. रेघेवर गेला तो चांगला, खाली राहिला तो मेलेला. लढाईमुळं नवा माल मिळत नव्हता आणि मेलेले व्हॉल्व्ह पुसूनबिसून खपवणारे पुष्कळ होते. म्हणून लोकांनी तपासायला आणलेला व्हॉल्व्ह मेलेला निघाला तर दत्तोबा तो परत देत नसे. तो नंदाबाईच्या हातात ठेवायचा. ती परसात वरवंट्यानं त्याचा चुरा करून खड्ड्यात पुरायची. लोक म्हणत, माणूस सचोटीचा. तिलाही ते ऐकायला बरं वाटे.

घरात विजेचा होल्डर एकच. यंत्र लावायचं तर दिवा काढायचा आणि काटा कंदिलाच्या उजेडात वाचायचा. त्या हिवाळ्यात रॉकेल मिळेनासं झालं, तेव्हा दत्तोबानं कुठूनसा दोन तोंडांचा होल्डर आणला. एका तोंडाला दिवा, दुसऱ्याला यंत्र.

दिवेलागणीला नंदाबाई भाकरी थापत होती. तिकडं तुंगार्लीच्या साहेबलोकांच्या बंगल्यांत दिवे लागले, विजेच्या शेगड्या पेटल्या आणि इकडं दिवा पिवळा पडत पडत पार आजाऱ्यासारखा झाला. यंत्रात रेघ ओढायला वापरलेला तोच कोरा नमुना होता. दिवा उतरला तसा काटाही उतरला, लाल रेघेच्या चांगला खाली.

"हा तर कोरा आहे," दत्तोबा म्हणाला. "याच्यावरच तर त्या दुपारी रेघ ओढली."

"मग बिघडला?"

"बिघडला नाही गं. संध्याकाळी वीजच कमी येतीय. व्हॉल्व्ह तापतच नाही पुरता. आणि मी सगळे संध्याकाळीच तपासतोय."

तव्यावरची भाकरी करपली तरी दोघांना वास आला नाही.

"आबांचा?" नंदाबाईनं विचारलं.

"तोही संध्याकाळीच तपासला," दत्तोबा म्हणाला.

अंबाजी आबा तुंगार्लीच्या एका बंगल्यावर माळी होते. साहेब रेडिओ त्यांच्या हवाली करून गेला होता. आबांचा मुलगा कोंडू पलटणीत होता आणि तो सापडत नाही, गेलाच असं धरा, अशा मतलबाची तार आली होती. कैद झालेल्या शिपायांची नावं कधीकधी रेडिओवर सांगतात, असं कोणीतरी आबांच्या कानावर घातलं. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी रेडिओला कान लावून बसत. गावाकडचे, आंदर मावळातले भाऊबंद सुनेचं कुंकू पुसा म्हणून मागं लागलेले. आबा म्हणत, रेडिओ बोलतोय तोवर न्हाई. मग रेडिओचा आवाज बसला. दत्तोबानं व्हॉल्व्ह काढून आणला, तपासला. काटा खाली. नंदाबाईनं वरवंटा उचलला. बारीक का होईना, होता तेवढा आवाजही गेला.

दत्तोबानं कोरा नमुना यंत्रातून काढला आणि रुमालात गुंडाळला.

"मी पण येते," ती म्हणाली. "फोडलाय मी."

बंगल्यामागच्या खोलीचं दार सुनेनं, सावित्रानं उघडलं. नंदाबाईची नजर आधी तिच्या कपाळाकडं गेली, मग मनगटांकडं. दोन्ही मोकळी.

"परवा उरकलं," आतून आबा म्हणाले. "रेडिओच बंद पडला, मंग कशाच्या जिवावर लोकास्नी थोपवू?"

दत्तोबानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. रेडिओचा आवाज कमी विजेनं बसला होता, व्हॉल्व्ह चांगला होता, यंत्र चुकलं, आणि तो फोडलाही.

"फोडला मी," नंदाबाई म्हणाली.

"फोडायचा मान कुनाचा त्ये घरी जाऊन ठरवा," आबा म्हणाले. "आता काय आनलंय रुमालात?"

दत्तोबानं नमुना रेडिओत बसवला. खरखर झाली, मग कुणीतरी लांबून गायल्यासारखं ऐकू आलं. "एवढाच येईल, आबा. बंगल्यातले दिवे विझले की वाढेल."

आबांनी रेडिओच्या तोंडावरच्या कापडाला कान टेकला. सावित्रा नंदाबाईच्या शेजारी बसली.

"वैनी, त्ये यंत्र चांगल्याला मेलेला म्हनालं, व्हय?"

"व्हय गं."

"आन तुमी खरं धरलं."

"धरलं."

"मंग तार धाडनाऱ्यांनी तरी आमच्या ह्यास्नी गेलेलं काय डोळ्यानं बघितलंय? त्यांचंबी आसलंच कायतरी आसंल."

सावित्रा उठून आत गेली. परत आली तेव्हा कपाळावर कुंकू होतं, आरशाशिवाय घाईघाईनं लावलेलं, एका बाजूला ओघळलेलं.

आबांनी एकदा बघितलं आणि मान वळवून पुन्हा रेडिओला कान लावला. दत्तोबा दारातून म्हणाला, "चल आता." नंदाबाई हलली नाही. आपण दोघांनी आज काही सांधलं, की परवा मोडलेलं पुन्हा मोडायला ठेवलं, हे तिला उमजेना.

"नीट लागलंय का, वैनी?"

"थांब," नंदाबाई म्हणाली. पदराचं टोक ओलं करून तिनं एका बाजूचं ओघळलेलं पुसलं. दुसऱ्या हातानं तिनं पोरीची हनुवटी धरली आणि कुंकू गोल केलं.