सेन्सरच्या वायरीवरचा डाग

इंजिनात हवा नेणाऱ्या नव्या मॅनिफोल्डचं तोंड जुन्याच्या उलट बाजूला होतं, त्यामुळे हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरी वीतभर तोकड्या पडल्या. त्या वाढवायच्या तर वायरींच्या जुडग्यावरचा काळा टेप सोडवणं आलं. नेरेइदाने टेप सोडवला आणि तिचा हात थबकला. दोन वायरींच्या मध्ये तांदळाएवढा रेझिस्टर जोडलेला होता.

तो तिने बसवलेला नव्हता. तिथे रेझिस्टर घातला की गाडीच्या कॉम्प्युटरला आत येणारी हवा असते त्याहून जास्त तापलेली वाटते आणि इंजिन जपण्यासाठी तो जोर कमी करतो. सालिनासच्या ट्रॅकवर शर्यतीत तिची गाडी दर वेळी ऐन शेवटी मान का टाकते, ते आज कळलं. तिने प्लग बदलले होते, पंप बदलला होता, आता मॅनिफोल्डही बदलत होती!

या गाडीचं बॉनेट उघडणारी माणसं दोनच. एक ती, दुसरा तिचा धाकटा भाऊ गादिएल. आणि गादिएल हल्ली पोन्सेच्या प्रतिस्पर्धी टीमबरोबर टपरीवर तळलेल्या आल्कापुरिया खाताना दिसायचा.

तो बर्फाची पिशवी घेऊन आला. "ताई, मॅनिफोल्ड बसला का?"

"बसला. पोन्सेवाल्यांबरोबर काय शिजतंय तुझं?"

"काय शिजणार? त्यांच्या ड्रायव्हरची बहीण आवडते मला."

"छान. मग हे कुणी केलं?"

त्याने वाकून बघितलं आणि तो हसलाच. "मी? अगं, मी सोल्डर केलं की कावळा शिटल्यासारखं दिसतं." तिचा चेहरा तसाच बघून त्याचं हसू मावळलं. "खरंच माझ्यावर संशय घेतेस? मग शोध तुझा चोर. रविवारी शर्यतीला मला बोलावू नकोस." पिशवी तिथेच टाकून तो निघून गेला.

तिने पुन्हा वायर उजेडात धरली. सोल्डरचा डाग तिळाएवढा, गोल, चकचकीत. असलं काम गॅरेजमध्ये होत नाही. तिची आई, जिला सगळे आदराने दोन्या ओविदिया म्हणत, निवृत्त होईपर्यंत हृदयात बसवायच्या यंत्रांच्या फॅक्टरीत भिंगाखाली हेच करायची.

आई स्वयंपाकघरात तुरीच्या दाण्यांचा भात ढवळत होती.

"आई, माझ्या गाडीला हात लावलास?"

"थांब, भात लागेल."

"आई!"

"लावला." तिने गॅस बारीक केला. "तूच सांगायचीस जेवताना, हवा तापली की गाडी मंदावते म्हणून. तू अशी मरायला निघालीस, मी काय देवापुढे नुसत्या मेणबत्त्या लावत बसू?"

"सारखी हरत होते मी! गादिएलला चोर म्हणाले!"

"त्याची माफी माग मग."

"आणखी कुठे काही केलंयस?"

"नाही," आई म्हणाली, पण नजर भातावर.

नेरेइदाने रेझिस्टर कापला, वायरी वाढवल्या आणि सायलेन्सरच्या तापणाऱ्या नळ्यांपासून दूर, मॅनिफोल्डच्या मागून वळवल्या. गादिएलला फोन केला, त्याने उचलला नाही. मग आईचं ते 'नाही' तिला काही केल्या पटेना. तिने थ्रॉटलच्या सेन्सरचा टेप सोडवला, मग दाबाच्या सेन्सरचा. एकेक वायर बोटांनी चाचपत गेली. काहीच सापडलं नाही. आईने आणून ठेवलेलं ताट गार झालं.

रविवारी गाडी शेवटपर्यंत जोरात धावली आणि ती जिंकली. पलीकडे पोन्सेवाल्यांच्या तंबूत गादिएल उभा होता. त्याने लांबूनच हात केला, पण इकडे आला नाही.

घरी आई म्हणाली, "जिंकलीस म्हणे. बरं झालं."

नेरेइदा हसली. पण तेव्हापासून बॉनेटला तिने कुलूप बसवलंय, आणि त्याची चावी ती कुणाजवळही देत नाही.