सर्व्हरचं साटंलोटं

"भंगारात घाला हे," नाशिकहून आलेला टायवाला विक्रेता म्हणाला, आणि माझं डोकं सणकलं. देवपूरच्या आमच्या कॉलेजात लिनक्सवर चालणारा एकच सर्व्हर, प्रयोगशाळेतले बाकीचे संगणक त्याच्या जिवावर. वीज पडली त्या दिवशी त्याचं नेटवर्क कार्ड जळालं. नवं कार्ड आणलं, तर जुना कर्नल त्याला ओळखेना. कर्नल म्हणजे आतला कारभारी. तोच बदलायला हवा होता.

प्राचार्य म्हणाले, "सुनंदा मॅडम, शनिवारी प्रात्यक्षिक परीक्षा आहे. तोवर चाललं तर ठीक, नाहीतर यांचं नवं सामान घेऊ. शिकवायला माणूसही तेच देणार आहेत." म्हणजे माझी नोकरी गेली. तेवढं बोलून दाखवलं नाही हाच त्यांचा चांगुलपणा.

नोकरी गेली की मला पाचोऱ्याला सासरी जावं लागणार होतं. माझं लग्न साट्यालोट्याचं. मला पाचोऱ्यात दिली आणि नवऱ्याची बहीण माझ्या भावाला केली. त्या दोघांचं बिनसलं, वहिनी माहेरी निघून गेली, तर नवऱ्यानं मला माझ्या वडलांच्या, आबांच्या, दारात आणून सोडलं. माझा गुन्हा काय? काही नाही. तिकडची परत आली म्हणून इकडची परत. रडून झाल्यावर मी डिप्लोमा पेटीतून काढला, नोकरी धरली आणि देवपुरात खोली घेतली. आता दोन्ही घरांचा समेट झाला होता. मी परत गेले तरच वहिनी परत येणार. मला विचारलं कुणी? पगार होता म्हणून खोली होती, आणि खोली होती म्हणून माझा नकार टिकून होता.

तर संगणकाच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर नवा कर्नल होता. बसवायला गेले तर म्हणे, आधी नवी अवजारं आणा. अवजारांचं पॅकेज बसवायला गेले तर म्हणे, आधी नवी लायब्ररी, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांना लागणारा सामाईक कोड. लायब्ररीकडे गेले तर ती म्हणे, आधी नवी अवजारं! तू आधी की मी आधी, आणि दोघंही अडून. शेवटी संतापून मी जबरदस्तीचा हुकूम दिला. कोण कशावर अवलंबून आहे ते बघू नकोस, बसव. सर्व्हर मुकाट झाला. जुन्या सीडीवरून सगळं पहिल्यापासून घालावं लागलं. जोर करून बसवलेलं नांदत नाही, हे खरं तर मला नव्यानं शिकायची गरज नव्हती.

शुक्रवारी दुपारी आबा थेट प्रयोगशाळेत आले. चपला दाराबाहेर काढून स्टुलावर बसले.

"सोमवारले सामान बांध," ते म्हणाले. "तुन्हा सासरना लोके तयार शेतस."

"आबा, मी कामात शे."

"आयकी तं घे. पहिले कोन जाई, हाऊ वादच नही आते. तू आठेथून, ती तठेथून. दोन्हीजनी एकच येळले निंघतीन. लगीन बी एकच मांडोमा लागेल व्हतं ना?"

दोघींनी एकाच वेळी निघायचं, म्हणजे आधी कोण हा प्रश्नच नाही! मी कीबोर्डकडे वळले. अवजारं आणि लायब्ररी, दोन्ही पॅकेजांची नावं एकाच हुकुमात लिहिली आणि एंटर मारलं. एकही तक्रार आली नाही. दोघं शेजारी शेजारी जाऊन बसले. मागोमाग कर्नल बसला. सर्व्हर बंद करून चालू केला, तर नव्या कार्डावरचा हिरवा दिवा लागला आणि पलीकडचे संगणक एकेक करून जागे झाले. मला इतका आनंद झाला की कोण कुणावर अडून बसलं होतं आणि मी काय केलं, ते सगळं आबांना सांगून बसले.

आबांनी नीट ऐकून घेतलं. मग गालात हसले. म्हातारा गडी वस्ताद.

"बठ्ठं समजनं तं मंग! मंग चाल सोमवारले. तुन्हा भाऊना संसार तुन्हा हातमा शे."

"मी जावाव नही, आबा," जाणार नाही ते मी स्पष्टच सांगितलं. "वैनीनी मर्जी व्हई तं ती येई. तिना बदलामा मी जावाव नही."

"आते तं तूच त्या दोन्हीसले एकच मांडोमा बसाडं!" आबांनी सर्व्हरकडे बोट दाखवलं.

"त्यासले तोंड नही, आबा," मी म्हणाले. "माले शे."