न पाहिलेल्या नाटकावरचा अभिप्राय

हेरंब सबनीस दिल्लीत आले ते कवितेमुळे. दोन कवितासंग्रह आणि एक पुरस्कार एवढ्या भांडवलावर अमरावतीच्या कॉलेजातला हा प्राध्यापक केंद्र सरकारच्या सांस्कृतिक खात्यात अधिकारी झाला. सरोजिनी नगरला क्वार्टर मिळालं. आठ वर्षांत फायली वाढत गेल्या आणि कविता कधी थांबली ते त्यांनाही कळलं नाही.

१९९५च्या डिसेंबरात खात्याचा नाट्यमहोत्सव होता. त्या वर्षी पहिल्यांदाच खासगी प्रायोजक मिळाला होता, गुडगावात टॉवर बांधणारा एक बिल्डर. निवडलेल्या नाटकांत एक नाटक होतं गावच्या म्हातारीचं. तिच्या शेतावर इमारत उभी राहते आणि त्याच इमारतीत, चौदाव्या मजल्यावर, ती धुणीभांडी करायला जाते. नाटक चंद्रप्रभा वानखडेचं होतं. ती सबनीसांची कॉलेजातली मैत्रीण. दिल्लीत आल्यावर तिने हिंदीत नाटकं बसवायला सुरुवात केली होती. गेली काही वर्षं दोघांची भेट नव्हती.

बिल्डरकडून फोन आला तसं संयुक्त सचिवांनी सबनीसांना बोलावलं. बंदी हा शब्द त्यांनी उच्चारलाही नाही. नाटक दर्जात कमी पडतं, एवढं फाइलवर हवं होतं आणि ते एका कवीने लिहिलं तर कोणी वाद घालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सबनीसांनी चार ओळी लिहून सही केली. नाटक त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

नाटक महोत्सवातून वगळलं गेलं आणि तिसऱ्या दिवशी चंद्रप्रभा अकरा नटांना घेऊन महोत्सवाच्या नाट्यगृहासमोर, कोपर्निकस मार्गाच्या फुटपाथवर धरणं धरून बसली. वार्ताहर जमले. समजूत घालायला खात्याने सबनीसांनाच पाठवलं. पुढच्या वर्षी बघू, छोटा हॉल देऊ, असं ते बरंच बोलले.

"हेरंब, एकच सांग," ती शेवटी म्हणाली. "तू नाटक पाहिलंस?"

हो म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं, पण तिच्यासमोर ते जमेना. "नाही," ते म्हणाले.

"मग बस."

दुपारच्या उन्हात, तिथेच फुटपाथवर नटांनी नाटक सुरू केलं. सबनीस वर्तमानपत्र अंथरून बसले. एका प्रवेशात म्हातारी खिडकीची काच पुसता पुसता मेमसाहेबांना दाखवते, विहीर तिथे होती, सासूला तिथे अग्नी दिला. मेमसाहेब विचारतात, काच झाली का स्वच्छ? सबनीसांनीही गुडगावात फ्लॅट बुक केला होता. तिथे आधी काय होतं, असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि समोर वार्ताहर आहेत हे ठाऊक असूनही त्यांनी ते लपवले नाहीत.

ऑफिसात परतून त्यांनी त्याच फाइलवर लिहिलं की वरील अभिप्राय नाटक न पाहता दिला होता, तो मी मागे घेतो. आज नाटक पाहिलं, ते महोत्सवात असायलाच हवं.

संध्याकाळी घरी त्यांनी बायकोला, सुमित्राला, सगळं सांगितलं. नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, असं ते बोलत राहिले.

"किती वर्षं झोपेत दात खाताय तुम्ही," ती म्हणाली. "आज तरी नीट झोपा."

नोकरी गेली नाही. महोत्सवात मात्र ते नाटक झालंच नाही आणि पंधरा दिवसांत सबनीसांची बदली आकडेवारी गोळा करणाऱ्या एका विभागात झाली. तिथे ते कवी आहेत हे कुणाला माहीत नव्हतं, कुणाला त्यांचं मत नको होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांना पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. जेवणाच्या सुट्टीत ते बाहेर हिरवळीवर जाऊन पडायचे.

फेब्रुवारीत पहाडगंजच्या मराठी शाळेने चंद्रप्रभाला आपला हॉल दिला. यूपीएससीची तयारी करणारी मुलं, सरकारी नोकरीतली मराठी कुटुंबं, सगळी दाटीवाटीने बसली होती. प्रयोग संपल्यावर सबनीस चंद्रप्रभाला गाठून म्हणाले, की दुसरा अंक लांबलाय.

"लांबायलाच हवा," ती म्हणाली. "तुला कवितेतही दम निघायचा नाही."

मग शाळेच्या पायऱ्यांवर दोघं अर्धा तास भांडले, अमरावतीला भांडायचे तसे. सुमित्राने दोनदा हाक मारली आणि शेवटी तीही येऊन त्यांच्याजवळ बसली.