हजेरीत नाव नसलेलं कार्ड

माझ्या उजव्या कोपऱ्यात नखाएवढी एक चकचकीत डबी आहे. तिच्यावर १४.७४५६ हा आकडा कोरलेला आहे. त्यातला शेवटचा सहा आता पुसट झाला आहे. डबीतला स्फटिक सेकंदाला जवळजवळ दीड कोटी वेळा थरथरतो. नेहमीच्या कार्डांपेक्षा हे बरोबर आठपट. माझं सगळं सुखदुःख या आठपटीतच आहे.

मित्रांनो, मी एक जुनं सिरियल पोर्ट कार्ड आहे. पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातल्या एका संगणकाच्या पोटात, अरुंद खाचेत, स्क्रूने आवळलेलं. मला आठ तारा जोडल्या आहेत. प्रत्येक तारेच्या टोकाला एक टाकी आणि तिच्यातल्या पाण्याचा गढूळपणा मोजणारं एक यंत्र. यंत्र मला आकडा सांगतं, मी तो संगणकाला सांगतो. तेरा वर्षं हेच केलं. केंद्राच्या रसायनतज्ज्ञ बाई, म्हणजे दोघी बहिणींतली थोरली, पाहुण्यांना कौतुकाने सांगायची, "आठ जण एकदम बोलतात, पण हा एकाचाही शब्द खाली पडू देत नाही."

मग जुना संगणक बंद पडला आणि मला नव्यात बसवलं.

हा नवा संगणक सुरू होताना सगळ्यांची हजेरी घेतो. मी माझा क्रमांक सांगतो. तो यादी चाळतो. यादीत मी नसतो. तो मला हाकलत नाही, तेच वाईट. 'असेल नेहमीचंच कुठलंतरी,' असं धरून तो पुढे जातो आणि माझा वेग चुकतो. यंत्रं सावकाश बोलतात, मी आठपट घाईने ऐकतो, आणि पडद्यावर नुसती निरर्थक चिन्हं उमटतात. वर्गात बसलेल्या पण पटावर नाव नसलेल्या मुलासारखं माझं झालं. अंगातून वीज वाहते, पंख्याचा वारा लागतो, पण हलता येत नाही आणि चूक सांगताही येत नाही.

दुरुस्ती करणाऱ्याला सगळे पेचकस म्हणतात. तो म्हणाला, "बाई, हा ओळख देत नाही. भंगारात टाकू या."

"मग आठ यंत्रंही टाकावी लागतील. धाकटीला बोलावते."

थोरलीची धाकटी बहीण प्रोग्रॅम लिहिते. संगणकाला माझी ओळख करून देणारा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तिने त्यात माझा क्रमांक आणि वेग घातला, आणि मी पुन्हा नीट बोलू लागलो. पण तो बदल या एकाच संगणकापुरता. संगणकाच्या प्रणालीची नवी आवृत्ती आली की तो पुसला जाई. सगळ्या संगणकांना जाणाऱ्या मोठ्या यादीत मला घालायला हवं होतं. ती यादी सांभाळणाऱ्यांनी धाकटीला विचारलं होतं: कार्ड दुर्मीळ आहे, दर बदलानंतर ते तपासून पाहणारा राखणदार कोण?

थोरली विचारी, "लिहिलंस का त्यांना?"

"बघते गं ताई. एकदा नाव घातलं की जन्माची अडकले मी."

अडकणं म्हणजे काय, ते तिने मला विचारायला हवं होतं.

असे आठ महिने गेले. एका सोमवारी पुन्हा नवी आवृत्ती आली आणि पडद्यावर पुन्हा ती चिन्हं. थोरली वही घेऊन टाकीटाकीपाशी धावली. ०.५, ०.७, ०.४, ०.६. पाचव्या यंत्रावर ६.० होतं, म्हणजे दहापट गढूळ. हाताला सवय झालेली, तिने ०.६ लिहिलं. माझ्या तारेतून तो खरा सहा येत होता, आणि मी त्याचा चुराडा करत होतो.

दोन तासांनी पेचकस पेला घेऊन आला. "बाई, आज नळाला बिनदुधाचा चहा आलाय."

थोरलीने पेला उजेडात धरला. ती हसली नाही. धावत जाऊन तिने पाचव्या टाकीची झडप बंद केली, शाळेत आणि घरोघरी निरोप धाडले. सुदैवाने कुणी आजारी पडलं नाही.

संध्याकाळी धाकटी आली. थोरलीने वही उघडून त्या आकड्यावर बोट ठेवलं. "माझं अक्षर आहे हे. पाणी लेकरं पीत होती."

धाकटीने संगणकाचं झाकण काढलं, बोटाने माझ्या डबीवरची धूळ पुसली आणि पुसट सहा वाचला.

मित्रांनो, धूळ पुसली म्हणजे वस्तू सांभाळली असं होत नाही. कुणीतरी तिच्या नावाशेजारी आपलं नाव लिहावं लागतं.

"ताई," ती म्हणाली, "आज मोठ्या यादीत याचा क्रमांक पाठवतेय. आणि राखणदार म्हणून माझं नाव."