आम्हाले काही कमी नाही

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आमच्या घरात सगळेच म्हणत. मीही म्हणायची. आता कोणी म्हटलं की डोकं फिरते माझं.

दुलारी पाच वर्षांची असताना सरकारी योजनेतून आमच्याकडे सांभाळायले आली. तिच्या डाव्या पायाची टाच जमिनीले टेकत नव्हती. हप्त्यातून तीनदा एक दीदी ब्राह्मणपाऱ्यात आमच्या घरी येऊन तिच्याकडून व्यायाम करून घेई. त्या दीदीचा पगार योजनेतून निघे. सहा महिन्यांत पोट्टी भिंत धरून चालू लागली, अन् मले आई म्हणू लागली.

मग निधी कमी झाला. कोणाची मदत चालू ठेवायची ते पाहायले साहेब घरोघरी येणार होते. म्हणजे गरज दाखवायची होती. अन् मी काय केलं? शेजारच्या शांताकाकूंच्या खुर्च्या आणल्या, त्यांच्याच नव्या कपबशा आणल्या, बशीत काजू ठेवले. पाहुण्यासमोर काय रडगाणं गायचं? माझा नवरा सुशील म्हणाला, "अवं, थे लग्नाची बोलणी करायले नाही येऊन राहिले." मी त्यालेच गप्प बसवलं.

साहेबांनी विचारलं, "कोई दिक्कत?"

"नहीं साहब, किसी बात की कमी नहीं."

त्यांनी तसंच लिहून नेलं. पुढच्या महिन्यापासून दीदी यायची बंद झाली.

सुशील गुढियारीत एका गोदामावर मुनीम. खाजगीतला खर्च झेपण्यासारखा नव्हता. मी स्वतःच व्यायाम करून पाहिला, पण पोट्टी रडायची अन् मी थांबायची. टाच पुन्हा उचलली गेली. ऑफिसात जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, तुमची फाइल बंद झाली, उपचाराचा पैसा आता फक्त बालगृहाले येते. तिले तिथं ठेवा, पाय सुधारेल.

आम्हीच तिले नेऊन सोडलं. माझ्या खोट्या तोऱ्यापायी लेकरू हातचं गेलं.

वर्षभरानं एका रविवारी गेली, तर दुलारी अंगण ओलांडून आली, पूर्ण टाच टेकवत. मी सवयीनं हात पुढं केला.

"जरूरत नहीं, मौसी," ती म्हणाली. तिथं भेटायले येणाऱ्या सगळ्या बायांले मौसीच म्हणतात.

फाटकाबाहेर सुशील उभा होता. "पोट्टी चालते का वं?"

"चालते," मी म्हटलं.

मले काय म्हणून हाक मारते, ते त्यानं विचारलं नाही, अन् मले सांगवलं नाही.